माजी सैनिकांचे १५ टक्के : नाशिकच्या झेडपी-मनपा भरतीत ही जागा नेमकी जाते कुठे?

गनर_निफाडकर (धागाकर्ता)

रामराम मंडळी. वर्षभर इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मराठी टायपिंग अजून बोटांत बसलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तोफखान्यात १७ वर्षं काढून नाईक म्हणून घरी आलो. वय ३७. रंगरूट झालो ते आपल्या नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरलाच, गावापासून तासाभरावर. त्यानंतर घराजवळची पोस्टिंग एकदाही मिळाली नाही. पेन्शन आहे, पण दोन पोरांची शाळा आणि वडिलांचं डायलिसिस त्यात भागत नाही. सिक्युरिटीची बारा तासांची ड्युटी करून पाहिली, पाठ धरली.

म्हणून सरळसेवेचा अभ्यास केला. एका स्थानिक संस्थेच्या गट क पदासाठी (नाव घेत नाही, आपल्याच विभागातली) परीक्षा दिली. २०० पैकी ११८ गुण. माजी सैनिक कोट्यातून कागदपत्र पडताळणीला बोलावणं आलं. फाईल घेऊन गेलो. टेबलावरच्या बाईंनी डिस्चार्ज बुक उलटंपालटं केलं, 'कॅरेक्टर : एक्झम्प्लरी' असं लिहिलेल्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा ग्रेड कुठला? आणि पदवी कुठंय?" मी दहावीचं सर्टिफिकेट आणि १५ वर्षांहून जास्त सेवेचा दाखला पुढे केला. जाहिरातीतलं कलमसुद्धा दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे आर्मीचं झालं हो, आम्हाला विद्यापीठाचं लागतं." शेरा पडला : शैक्षणिक अर्हता नाही, अपात्र.

हरकतीला तीन दिवस होते. त्याच आठवड्यात वडील ॲडमिट. मी यादी पाहिली पाचव्या दिवशी. माझ्या रकान्यात 'पात्र उमेदवार उपलब्ध नाही', आणि ती जागा दुसऱ्या उमेदवाराला.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आता काही करता येईल का? आणि अशी जागा खरंच दुसऱ्याला देता येते का, की पुढच्या भरतीसाठी राखून ठेवतात?

---

सिन्नरकर_७७

दादा, वाचून वाईट वाटलं. माझ्या मोठ्या भावाचं थोडंफार असंच झालं होतं. पण आमचे इथले आस्थापनेवाले काका नीट सांगतील. काका, कुठे आहात?

---

आस्थापना_निवृत्त

आहे, आहे. जेवण उरकून बसलो. जरा लांब लिहितो, कारण या विषयात अर्धवट माहितीने लोकांचं जास्त नुकसान होतं. तीस वर्षं बिंदुनामावलीच्या (कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं, या नोंदीच्या) वह्या सांभाळल्यात.

आधी पदवीचं. निफाडकर, तुमच्या जाहिरातीत ते कलम असणारच, कारण महाराष्ट्रात सरळसेवेच्या जाहिरातींत ते वर्षानुवर्षं छापलं जातं. पदाला पदवी लागते, पण तांत्रिक किंवा व्यावसायिक कामाचा अनुभव लागत नाही, अशा पदासाठी १५ वर्षं सेवा झालेला माजी सैनिक दहावी पास असेल किंवा त्याच्याकडे इंडियन आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन असेल, तर तो पात्र धरतात. तुमची १७ वर्षं. पद ज्युनियर इंजिनियरचं किंवा औषध निर्मात्याचं असतं तर गोष्ट वेगळी. साधं लिपिकवर्गीय किंवा पर्यवेक्षकाचं असेल, तर त्या बाई चुकल्या. कदाचित त्यांनी ते कलम कधी वापरलंच नसेल. पडताळणीच्या टेबलावर बहुतेक वेळा दुसऱ्या विभागातून उसने आणलेले कर्मचारी बसवतात. ते कॉलेजची मार्कलिस्ट ओळखतात, डिस्चार्ज बुक त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नसतं.

आता जागा कुठे गेली ते. माजी सैनिकांचं १५ टक्के आरक्षण गट क आणि गट ड ला आहे, आणि ते समांतर आहे. एससी, एसटी, ओबीसी ही उभी आरक्षणं, म्हणजे प्रवर्गांचे कप्पे. महिला ३० टक्के, माजी सैनिक १५, अंशकालीन पदवीधर १०, खेळाडू ५, प्रकल्पग्रस्त ५, भूकंपग्रस्त २, ही आडवी म्हणजेच समांतर, प्रत्येक कप्प्याच्या आत लागणारी. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात स्पष्ट केली. आपल्याकडे १६ मार्च १९९९ चं परिपत्रक, मग १३ ऑगस्ट २०१४ आणि १९ डिसेंबर २०१८ ची सुधारणा, यांवर सगळी गाडी चालते.

आडवं म्हणजे काय ते आकड्यांतच बघा. समजा ४० पदं आहेत, त्यात खुला १६, ओबीसी ८, एससी ५, एसटी ३ आणि बाकी इतर. १५ टक्के ४० वर एकदम लावत नाहीत, प्रत्येक कप्प्यात वेगळे लावतात. खुल्यात २.४ म्हणजे २. ओबीसीत १.२ म्हणजे १. एससीत ०.७५ म्हणजे १. एसटीत ०.४५, म्हणजे शून्य. पाच-सात पदांची छोटी जाहिरात असेल तर सगळ्याच कप्प्यांत शून्य येऊ शकतं. नगरपरिषदांच्या किरकोळ भरतीत माजी सैनिकाचा रकाना कोरा दिसतो तो बहुतेक वेळा याच गणितामुळे. त्यात दरवेळी डाव शोधू नका.

आणि आडव्या आरक्षणाची जागा साधारणपणे पुढच्या वर्षाला ओढत नाहीत. पात्र माणूस मिळाला नाही, तर त्याच कप्प्यातल्या दुसऱ्या उमेदवाराला गुणवत्तेने मिळते. तुमची जागा तशी गेली असणार. म्हणून तुमच्या बाबतीत खरा प्रश्न एकच : तुम्हाला अपात्र ठरवणं बरोबर होतं का?

---

अभ्यासिका_कॉलेजरोड

सैनिकांबद्दल आदर आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक अंगावर येतात. पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. मी चार वर्षं कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत बसतोय. महिन्याला अभ्यासिका, मेस, खोली. मला १५२ गुण, तरी यादीबाहेर. ह्या दादांना ११८, आणि ते आत जाणार होते. एकीकडे पेन्शन चालू, दुसरीकडे नोकरी. आमच्या घरी एकही पगार नाही. मग खरी गरज कुणाला?

---

सिन्नरकर_७७

भावा, मायनस चाळीसमध्ये सतरा वर्षं काढून ये, मग मोज गुण.

---

अभ्यासिका_कॉलेजरोड

हेच म्हणत होतो. मुद्द्याला उत्तर नाही, लगेच सियाचीन.

---

आस्थापना_निवृत्त

सिन्नरकर, पोराचा प्रश्न रास्त आहे, त्याला सियाचीन दाखवू नका.

बेटा, तुझ्या पोटात दुखतंय ते समजतं. पण तुला नेमकं कुणी ढकललं ते बघ. खुल्या कप्प्यातल्या १६ जागांची यादी आधी निव्वळ गुणांनी लागते. त्या सोळांत दोन माजी सैनिक स्वतःच्या गुणांनी आले असतील, तर कोटा तिथेच पुरा होतो, आणखी कुणालाही आत घेत नाहीत. २००७ च्या राजेशकुमार दारिया निकालाने हे पक्कं केलं. एकही नसेल, तेव्हाच तळाचे दोघे उतरवून दोन माजी सैनिक चढवतात. म्हणजे जास्तीत जास्त फरक दोन खुर्च्यांचा. त्याच यादीत अंशकालीन, खेळाडू, प्रकल्पग्रस्त हेही असतात, त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही.

दुसरं असं की जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या भरतीसारख्या परीक्षांत किमान ४५ टक्के गुणांची अट असते. २०० पैकी ९०. ती माजी सैनिकालाही लागू. त्याखाली असेल तर जागा रिकामी राहिली तरी तो घरीच. त्या भरतीत राज्यभर १९,४६० पदं होती, परीक्षा आयबीपीएसने (बँकांच्या परीक्षा घेणारी संस्था) घेतली. माझ्या ओळखीतले दोन जवान ८६ आणि ८८ वर अडकले. त्यांच्या जागा गेल्या खुल्या उमेदवारांना. कदाचित तुझ्याच अभ्यासिकेतल्या कुणाला.

---

गोदाकाठची_लेक

मी माजी सैनिकाची बायको आहे, म्हणून ८६ आणि ८८ कसे होतात ते सांगते.

आमचे हे वीस वर्षं बाहेर होते. युनिटमध्ये हिंदी, घरी फोनवर मराठी, तीही "पोरं कशी आहेत, ऊस गेला का" एवढीच. घरी आले आणि मराठी व्याकरणाचं पुस्तक उघडलं. समास, प्रयोग, विभक्ती. रात्री मी भाकऱ्या थापायची आणि हे ओट्याजवळ खुर्ची घेऊन विचारायचे, "'त्याने पत्र लिहिले' हा कर्मणी की भावे?" मला तरी कुठे आठवत होतं? आमच्या सातवीतल्या पोरीने शिकवलं. बापाच्या वहीत लाल पेनने बरोबरच्या खुणा करायची. तिच्या बाईंची नक्कल करून 'पुन्हा लिही' असंसुद्धा लिहायची. हे हसायचे नाहीत. नीट पुन्हा लिहायचे.

गणित आणि बुद्धिमत्तेत अडचण नव्हती. सर्व्हेमध्ये होते, नकाशा आणि कोन यांच्या रोजच्या कामातले. मार्क गेले ते मराठी आणि इंग्रजीतच. दुसऱ्या प्रयत्नात निघाले. आता एका तालुक्याच्या ठिकाणी आहेत.

आणि पेन्शनचं म्हणाल, तर शिपाई-नाईक हुद्द्यावरून पस्तीस-चाळिशीत घरी आलेल्या माणसाची पेन्शन आणि साहेब लोकांची पेन्शन एकच समजू नका. नवीन नोकरीत आम्हाला जुनी पेन्शन योजना नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जे आहे तेच.

---

अभ्यासिका_कॉलेजरोड

ताई, लाल पेनाचं वाचून गप्प बसलो. मुद्दा सोडलेला नाही, पण गप्प बसलो.

---

सातपूर_कॉलनी

सगळे टक्क्यांवर भांडताय. भरती निघते कुठे? आपल्या महापालिकेचं रडगाणं ठाऊक आहे ना, आस्थापना खर्च (पगार वगैरे) ३५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणून पदं मंजूर असली तरी भरायची नाहीत. दरम्यान शहर पाथर्डी फाटा ओलांडून कुठल्या कुठे गेलं, सिंहस्थ तोंडावर आला. मग कामं ठेकेदाराकडे. घंटागाडी ठेक्यावर, सफाई ठेक्यावर, वॉचमन ठेक्यावर. ठेक्यावर घेतलेल्या माणसाला कसली बिंदुनामावली आणि कसलं समांतर आरक्षण? ज्या गट ड मध्ये जवान सहज बसला असता, तो गट डच आटत चाललाय. १५ टक्के कशाचे काढणार?

त्यातल्या त्यात मेस्को बरं. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, पुण्याचं. सरकारी ठिकाणी सुरक्षेला माजी सैनिक पुरवतं. खासगी एजन्सीपेक्षा पैशाला तरी नियम असतो. पण ती परमनंट नोकरी नव्हे.

---

पंचवटी_ते_टेक्सास

मी मूळचा पंचवटीचा, सध्या अमेरिकेत. इथे याला व्हेटरन्स प्रेफरन्स म्हणतात. संघराज्याच्या नोकऱ्यांसाठी १९४४ चा कायदा आहे. जागा राखीव नसते, गुण वाढवून मिळतात. पात्र माजी सैनिकाला ५, अपंगत्व आलेल्याला १०, आणि तेही आधी परीक्षा पास झाला तर. राज्यं आणि त्यांच्याखालच्या नगरपालिका यांचे नियम वेगळे. मॅसॅच्युसेट्समध्ये तर एके काळी पास झालेला माजी सैनिक थेट यादीच्या डोक्यावर जायचा, आयुष्यभर. एका महिला कर्मचाऱ्याने त्याला आव्हान दिलं. तिचे गुण भरपूर, पण दरवेळी पुरुष माजी सैनिक पुढे. १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. म्हणणं असं की हा भेद सैनिक आणि बिगरसैनिक यांच्यात आहे, बाई-पुरुषात नाही. मला तो निकाल कधी पटला नाही, पण अभ्यासिकावाल्या भावाला तेवढंच समाधान, त्याचं भांडण जगात जुनं आहे.

---

अभ्यासिका_कॉलेजरोड

५ गुण दिले तर मला चालेल बघा. १५२ आणि १२३, तरी मीच पुढे.

---

आस्थापना_निवृत्त

म्हणूनच आपल्याकडे ते नाही. आपलं गुणांवर नाही, जागेवर आहे. केंद्राचंही जागेवरच : गट क मध्ये १० टक्के, गट ड मध्ये २० टक्के, १९७९ च्या नियमांपासून.

---

चांदवडचा_बाप

माझा प्रश्न वेगळा आहे. पोरगा अग्निवीर, पहिल्या तुकडीतला. जानेवारी २०२३ ला ट्रेनिंग सुरू झालं. २०२७ च्या सुरुवातीला चार वर्षं पुरी. शंभरातले पंचवीसच कायम होणार. आत राहिला नाही तर त्याला झेडपीत ह्या १५ टक्क्यांतून अर्ज करता येईल का? गावात सगळे म्हणतात, होईल. कुणी आमदारसाहेब म्हणाले म्हणे.

---

आस्थापना_निवृत्त

दादा, गावाच्या भरवशावर राहू नका. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली, तेव्हाच स्पष्ट केलं होतं की चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते, साधारण ११.७१ लाख. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत २०२२ मध्येच १० टक्के जागा त्यांच्यासाठी जाहीर झाल्या, तो रस्ता डोळ्यांसमोर ठेवा. राज्य काही वेगळं करेल तर शासन निर्णय निघेल. तो हातात पडेपर्यंत पोराला सांगा, फावल्या वेळात पदवीचा अभ्यास कर. वर लिहिलेली १५ वर्षांची सवलत त्याला लागू होणार नाही.

---

चांदवडचा_बाप

सांगतो. तो बारावी सायन्स आहे. फोन रविवारी येतो.

---

गनर_निफाडकर

सगळ्यांचे आभार. अभ्यासिकावाल्या भावा, राग नाही. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा मैदानावर १६०० मीटर पळत होतो, अभ्यासिकेचे पैसेच नव्हते.

काका, जाहिरातीचा कागद आत्ता काढून पाहिला. कलम आहे. पद पर्यवेक्षकाचं आहे, तांत्रिक नाही. आता कुठे जाऊ?

---

आस्थापना_निवृत्त

आधी तारीख बघा. निवड यादी साधारण एक वर्ष जिवंत असते. तुमची यादी लागून किती झालं?

---

गनर_निफाडकर

साडेतीन महिने.

---

आस्थापना_निवृत्त

मग वेळ आहे, पण फार नाही.

लेखी निवेदन द्या, निवड समितीच्या अध्यक्षांच्या नावाने. तोंडी रडगाणं नको. जाहिरातीतलं ते कलम जसंच्या तसं उतरवा, आपल्या सेवेची एकूण वर्षं आणि दिवस लिहा, अपात्रतेचा शेरा कुठल्या नियमाने दिला ते विचारा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. त्याच दिवशी माहिती अधिकारात तुमच्या पडताळणीच्या शेऱ्याची प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते पडताळणी करत नाहीत, पण त्यांचं पत्र सोबत असलं की टेबलावरचा माणूस तुमचं डिस्चार्ज बुक जरा नीट वाचतो. कल्याण कार्यालयातली नावनोंदणी चालू आहे ना? ओळखपत्र?

नाहीच झालं, तर हायकोर्ट. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाऊ नका, झेडपी आणि मनपाच्या नेमणुका तिथे येत नाहीत, राज्य शासनाच्या नोकऱ्या येतात. आपल्याला मुंबई. माझा स्वतःचा अनुभव असा की आवक शिक्का पडलेलं पत्र गेलं की निम्म्या फायली खालीच सुटतात.

---

गोदाकाठची_लेक

दादा, एक सांगते. डिस्चार्ज बुकच्या सगळ्या पानांची झेरॉक्स घ्या, नुसतं पहिलं पान नको. शिक्षणाची नोंद आतल्या पानावर असते, आमची तीच राहिली होती. आणि ओरिजनल लॅमिनेट करू नका. आमच्या यांनी हौसेने केलं होतं, शिक्का मारायला जागाच उरली नाही.

---

सिन्नरकर_७७

माजी सैनिक म्हणून एकदा नोकरी लागली की पुन्हा तो कोटा वापरता येतो का? भावाचं विचारतोय. तो तलाठ्याचाही अर्ज भरणार आहे.

---

आस्थापना_निवृत्त

केंद्रात पूर्वी एकदा रुजू झालं की संपलं, असंच होतं. २०१४ पासून तिथे थोडी ढील आहे : पहिल्या नोकरीवर रुजू होण्याआधी ज्या ज्या ठिकाणी अर्ज केलेत त्यांची यादी देऊन ठेवली, तर त्या अर्जांपुरता फायदा टिकतो. आपल्याकडे ज्या जाहिरातीत अर्ज करणार, तिच्यातली अट अक्षरन् अक्षर वाचायला सांगा. आणि पहिला आदेश घाईने स्वीकारू नका म्हणावं.

आणखी एक, बऱ्याच बायकांना माहीत नसतं. सैनिकी सेवेमुळे जवान वारला किंवा कामाला अयोग्य झाला, तर घरातल्या एका माणसाला याच १५ टक्क्यांतल्या उरलेल्या जागांवर प्राधान्य आहे, शिक्षण आणि वय बसत असेल तर. वयाची सूट मात्र सैनिकाची, घरच्यांची नाही. सैनिकाला सेवेची वर्षं अधिक तीन. अपंगत्व आलेल्या सैनिकाला ४५ पर्यंत.

---

सातपूर_कॉलनी

काका, तुम्ही रिटायर झालात ते बरं केलंत की वाईट, कळत नाही.

---

गनर_निफाडकर

निवेदन लिहून झालं. मुलाने टाईप केलं, 'अर्हता' मधला रफार दोनदा चुकला, नीट करून घेतला. ओळखपत्र आहे, नावनोंदणी आल्या आल्या केली होती. सोमवारी पहिल्या एसटीने सीबीएसला उतरतो, आधी सैनिक कल्याण, मग तिकडे. वडिलांचं डायलिसिस मंगळवारी आहे, त्यामुळे सोमवारीच सगळं उरकायला हवं.

---

अभ्यासिका_कॉलेजरोड

दादा, सीबीएसला उतरलात की फोन करा, नंबर मेसेजमध्ये टाकतो. माहिती अधिकाराचा अर्ज मी आतापर्यंत सहा वेळा भरलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट कुठल्या टपरीवर मिळतं तेही ठाऊक आहे. तिकडे साहेब अकराच्या आधी येत नाहीत, तोवर चहा घेऊ.